ओळ चारशे बारा

ग्वेंडा ट्रेलोरची चूक होत नाही, असं टास्मानियातल्या फ्रँकलिन गावात कोणी म्हणत नसे, कारण तिच्या कामातलं गावाला काही कळतच नव्हतं. गावाच्या लेखी ती केलची बायको. ह्यूऑन नदीच्या काठी, सफरचंदांच्या जुन्या गोदामामागच्या घरात राहणारी, नोकरीतून निवृत्त झालेली आणि तरी सकाळपासून कॉम्प्युटरला चिकटलेली. पण जगभर विखुरलेली दोन-तीनशे माणसं मात्र तसं म्हणत होती. ग्वेंडा वरवर नको नको म्हणायची, पण मनातून तिलाही ते पटलेलं होतं. सहासष्ट वर्षांच्या बाईला एवढा एक माज असला तर असू दे, असं म्हणून सोडूनही देता आलं असतं.

तिचं काम असं होतं. एकवीस वर्षांपूर्वी तिने सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं पोटोरू. पोटोरू म्हणजे परसातल्या झुडपांत दिसणारा, पोटाच्या पिशवीत पिल्लू घेऊन उड्या मारत जाणारा सशाएवढा प्राणी. प्रोग्रामचं कामही तेच. एका डेटाबेसमधली सगळी माहिती फाइलच्या पिशवीत भरायची, दुसरीकडे न्यायची आणि तिथे जशीच्या तशी काढून ठेवायची. भरणारा एक भाग, काढणारा एक भाग. तो कोणालाही फुकट मिळायचा, उघडून वाचता यायचा, सुधारता यायचा. वाचनालयं, नगरपालिका, दवाखाने असे कोण कोण तो वापरत होते. सुधारणा सुचवायची तर बदललेल्या ओळींचा तुकडा, म्हणजे पॅच, मेल-यादीवर सगळ्यांच्या देखत पाठवायचा, ग्वेंडा तो वाचणार, आणि पसंत पडला तर कोडमध्ये घेणार. कोडच्या प्रत्येक ओळीला माणसाचं नाव आणि तारीख चिकटलेली असायची. यादीवरचा एकही मेल कधी पुसायचा नाही, हा नियम ग्वेंडाचाच. लपवाछपवी करायची असेल तर दुसरं घर बघा, असं ती नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगायची.

त्या हिवाळ्यात तिने जुना कोड पक्का करायला घेतला होता. सी ही भाषा भारी भाबडी. चौसष्ट घरांची पेटी आहे असं तिला सांगितलं आणि पासष्टावं अक्षर आलं, तर ती जागा नाही म्हणून अडत नाही. ते अक्षर शेजारच्या पेटीत टाकून मोकळी होते. शेजारी जे काही होतं ते पुसलं जातं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. अशा जागा शोधणारा एक पहारेकरी प्रोग्राम अलीकडे निघाला होता. तो पोटोरूच्या मानगुटीवर बसायचा आणि एक अक्षर जरी हद्दीबाहेर पडलं तरी सगळं जागच्या जागी थांबवून ओळीचा आकडा सांगायचा. ग्वेंडा रोज सकाळी एक फाइल घ्यायची, मुद्दाम वेड्यावाकड्या, लांबलचक नावांची माहिती पोटोरूला खायला घालायची आणि पहारेकरी गप्प राहिला की समाधानाने चहा करायची. पाच आठवडे तो गप्पच होता. तिला त्याचं आश्चर्य वाटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला पहारेकरी बोलला. पिशवीची फाइल, काढणारा भाग, ओळ चारशे बारा. नावाची पेटी चौसष्ट अक्षरांची, आणि ओळीत लिहिलेलं, चौसष्टपेक्षा कमी किंवा चौसष्ट. शून्यापासून मोजणाऱ्या भाषेत हे एक जास्त झालं. नुसतं 'चौसष्टपेक्षा कमी' हवं होतं. पासष्टावं अक्षर शेजारच्या पेटीत पडत होतं, आणि शेजारी होता त्या माणसाचा नोंदणी क्रमांक.

ही चूक ग्वेंडाच्या ओळखीची होती. नऊ वर्षांपूर्वी हीच चूक भरणाऱ्या भागात सापडली होती आणि तिने स्वतःच्या हाताने दुरुस्त केली होती. तिचं जुळं भावंड इथे काढणाऱ्या भागात बसून राहिलं होतं. ओळ कोणाची ते सांगणारी आज्ञा तिने दिली. उत्तर आलं, मोसेसे तुइसावाउ, मार्च दोन हजार पंधरा.

"बघ," ती केलला म्हणाली. तो दहाच्या चहासाठी शेडमधून आत आला होता, बाह्यांना लाकडाचा भुसा. "नऊ वर्षं झाली त्याला जाऊन, तरी घाण अजून मीच काढतेय."

"कोणाला जाऊन?"

"मोसेसेला. तो सुवा शहरातला मुलगा. रुग्णांची माहिती उलटीपालटी केली होती ना त्याने."

केलला आठवलं. त्याला ग्वेंडाच्या कामातलं काही कळत नसलं तरी तिची भांडणं सगळी पाठ होती. "तो होय," एवढंच म्हणून त्याने टोस्टला व्हेजिमाइट फासायला घेतलं.

मोसेसे तुइसावाउ दूरच्या एका बेटावर, सुवा शहराजवळच्या एका रुग्णालयात नोंदींचं खातं सांभाळायचा. तिशीचा, हुशार, मेलमध्ये फार नम्र. त्यानेच हट्टाने पोटोरू आपल्या रुग्णालयात आणला होता. पुढे त्याला वाटलं की आपणही यात काही लिहावं. ग्वेंडाच्या घरात नव्या माणसाची एक रीत होती, त्याने आधी झाडलोट करायची. कोडमध्ये वर्षानुवर्षं साचलेल्या रिकाम्या जागा कुठे कमी, कुठे जास्त असत. ओळी एकाखाली एक सरळ दिसत नसत. नव्या माणसाने त्या सगळ्या ओळी नीट सरकवून एका रेषेत आणायच्या. अर्थाला हात लावायचा नाही, फक्त डावीकडची जागा सारखी करायची. मोसेसेने आठ दिवस खपून हजारो ओळी सरळ केल्या. ग्वेंडाने त्याला शाबासकी दिली आणि पॅच घेतला.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी सुवाहून ओरड आली. रुग्णालयाने माहिती नव्या यंत्रावर हलवली आणि एकसष्ट रुग्णांचे क्रमांक बदलले. एकीच्या फाइलवर दुसरीचा रक्तगट आला. एका नर्सने शस्त्रक्रियेआधी वेळेवर ओळखलं म्हणून निभावलं. ग्वेंडाने चुकीची ओळ शोधली, ती कोणाची ते विचारलं, मोसेसेचं नाव आलं. सरकवता सरकवता गड्याने 'पेक्षा कमी'ची खूणही बदलली, असं तिने ताडलं. मग तिने यादीवर सगळ्यांच्या देखत मेल टाकला. त्यातलं एक वाक्य लोकांना फार आवडलं होतं. पुढे कित्येक दिवस लोक ते एकमेकांना ऐकवत होते. झाडू मारायला सांगितला तर याने भांडी फोडून ठेवली, असं ते वाक्य होतं. मोसेसेला तिने यादीवरून काढलं. तो परत काही बोललाही नाही.

आता तिने नोटीस लिहायला घेतली. चूक सापडली की जगाला सांगायचं, आणि कोणत्या आवृत्तीपासून चूक आहे तेही सांगायचं, म्हणजे ज्यांच्याकडे ती असेल ते सावध होतात. मोसेसेच्या आधीची आवृत्ती स्वच्छ, असं लिहिण्यापूर्वी ती एकदा चालवून पाहायला हवी. न चालवता लिहिणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं. तिने दोन हजार चौदाची आवृत्ती काढली, पहारेकरी मानेवर बसवला आणि तीच लांब नावं खायला घातली.

पहारेकरी थांबला. ओळ चारशे बारा.

तिने चष्मा पुसला. आवृत्ती चुकीची काढली असेल म्हणून आकडा पुन्हा पाहिला. चौदाचीच होती. मग दोन हजार आठची काढली. तीही थांबली. आणखी मागे, अगदी पहिली, दोन हजार चारची, जी तिने एकटीने लिहून जगाला दिली होती आणि तेव्हा मोसेसे बहुतेक कॉलेजात असेल. तीही तिथेच थांबली, आणि भरणाऱ्या भागातली ती दुसरी ओळही तिथे तशीच बसलेली होती.

"यंत्र बिघडलंय," ती मोठ्याने म्हणाली. केलने मान वर केली, पण ती त्याच्याशी बोलत नव्हती.

एक आज्ञा उरली होती. ओळ कोणाची ते विचारताना रिकाम्या जागांकडे दुर्लक्ष कर, असं एक जादा अक्षर लावून सांगता येतं. म्हणजे ज्याने ओळ नुसती सरकवली तो वगळला जातो आणि ज्याने लिहिली तो पुढे येतो. ही गोष्ट ग्वेंडाला माहीत नव्हती असं मुळीच नाही. नव्या लोकांसाठीची माहिती-पुस्तिका तिनेच लिहिली होती आणि तिच्या पहिल्याच पानावर होतं की कोणाकडे बोट दाखवण्याआधी हे अक्षर लावून बघा. शेकडो लोकांना तिने ते शिकवलं होतं. त्या दिवशी तेवढं लावलं नव्हतं. का लावलं नव्हतं, तर त्या फाइलमध्ये मोसेसे सोडला तर उरणारं माणूस ती स्वतः होती, आणि तिच्या हातून असली चूक होणं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने ते अक्षर लावलं. बोट खाली आलं. पडद्यावर नाव आलं, ग्वेंडा ट्रेलोर, ऑक्टोबर दोन हजार तीन.

शेगडीत लाकूड ढणढणत होतं, खोलीत चांगली ऊब होती, आणि तिला हुडहुडी भरली. तिने तीच आज्ञा पुन्हा दिली, मग भरणाऱ्या भागातल्या ओळीवर, ती दुरुस्त होण्याआधीच्या दिवसावर उभं राहून, तिसऱ्यांदा दिली. तिन्ही वेळा तेच नाव. मोसेसेने दोन्ही ओळी चार घरं उजवीकडे सरकवल्या होत्या. खुणेला त्याने हातही लावला नव्हता.

बारा वर्षं ती चूक कोणाला दिसली नाही, त्याचंही कारण आता उघडं पडलं. तिच्या ओळखीतल्या माणसांची नावं दोन शब्दांत संपायची. पासष्ट अक्षरांचं नाव कुठून येणार? सुवाचा कारकून मात्र माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि बेट असं सगळं एका रांगेत लिहायचा. पेटी भरून वाहिली ती तिथे.

"काय झालं?" केलने विचारलं. तिचा चेहरा पाहून त्याने टोस्ट खाली ठेवला होता.

तिने सांगितलं. थांबत थांबत, जुळवत सांगितलं. केल चाळीस वर्षं होड्या बांधत आला होता, त्याने त्याच्या परीने समजून घेतलं.

"म्हणजे शेवटचा रंग ज्याने मारला, त्याला तू सुतार समजलीस."

"हो."

"आणि सुतार तूच."

तिला एकदम आठवलं की नऊ वर्षांपूर्वी, तो मेल पाठवायच्या आधी, याच टेबलाशी बसून केल म्हणाला होता, त्या पोराला आधी विचार तरी. तिने त्याला नेहमीप्रमाणे उडवून लावलं होतं. केलनेही आता ते काढलं नाही. त्याने दुसरंच विचारलं.

"तो काय म्हणाला होता त्या वेळी?"

"काहीच नाही. एक अक्षर नाही. चूक नसती तर बोलला नसता का?" हे वाक्य नऊ वर्षं तिच्या तोंडात बसलेलं होतं, ते आपोआप बाहेर पडलं. आणि पडता पडताच तिच्या लक्षात आलं की तो बोलणार कसा होता. त्याला यादीवरून तिनेच काढलं होतं. नुसतं काढलं नव्हतं, त्याच्या पत्त्यावरून येणारे मेल अडवून ठेव अशी खूणही लावली होती. महिनाभर डोकं थंड होऊ दे, मग काढू, असं ठरवून लावली होती. ती काढल्याचं तिला आठवेना.

अडवलेल्या मेलांची कोठी तिने कित्येक वर्षांत उघडली नव्हती. औषधांच्या जाहिराती, लॉटरीची बक्षिसं, परदेशी राजपुत्रांचे वारसे. अकरा हजारांवर मेल साचले होते. तिने मोसेसेचं नाव घालून शोधलं. एकच मेल होता. तिने त्याला यादीवरून काढलं, त्यानंतर तीन दिवसांनी पाठवलेला. शुक्रवारी.

तिने तो उघडला. केल उठून तिच्या खुर्चीमागे उभा राहिला.

मेलमध्ये पॅच होता. दोन ओळींचा. भरणाऱ्या भागातली एक आणि काढणाऱ्या भागातली एक, चारशे बारा. दोन्हीकडे हद्द एकाने कमी केलेली. वर नीटनेटकं स्पष्टीकरण, तिच्या पुस्तिकेत सांगितलं होतं अगदी तसं. चूक जुनी आहे, पहिल्या आवृत्तीपासून आहे, एवढंच त्यात होतं. कोणाची ते लिहिलं नव्हतं. त्याने ते अक्षर लावून बघितलं असणार, नाव वाचलं असणार, आणि लिहिलं नव्हतं. पॅचच्या खाली, वेगळ्या परिच्छेदात, चार वाक्यं होती. "मॅडम, तुमचा मेल आमच्या साहेबांनी छापून घेतला आहे. सोमवारी माझी चौकशी आहे. वरचा पॅच पाहून यादीवर एक शब्द लिहिलात तर फार बरं होईल. तुम्हाला घाई नको, पण सोमवारच्या आधी." खाली नाव आणि फोनचा नंबर.

ग्वेंडाने ते वाचलं. ती उठून न्हाणीघरात गेली, नळ सोडून उभी राहिली. त्या शुक्रवारी आपण काय करत होतो ते आठवायचा तिने प्रयत्न केला. आठवण्याजोगं काहीच नव्हतं. बागेत काम केलं असेल, बाजारातून शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री आणली असेल. त्या वाक्यावर हसलेल्या लोकांना उत्तरं लिहिली असतील. तेच वाक्य कागदावर छापून तिकडे कोणाच्या तरी टेबलावर पडलेलं होतं, आणि एक माणूस सोमवारपर्यंत दर तासाला मेल उघडून बघत असेल. तिला स्वतःची शिसारी आली.

परत आली तेव्हा आणखी एक गोष्ट तिच्या डोक्यात येऊन बसली होती. भरणाऱ्या भागातली ओळ तिने तेव्हा दुरुस्त केली होती. काढणाऱ्या भागातली नव्हती. मोसेसेला दोन्ही दिसल्या होत्या, तिला एक. हा मेल वाचला असता तर दुसरीही त्याच आठवड्यात गेली असती. मधल्या वर्षांत दोन जणांनी क्रमांक बदलल्याची तक्रार केली होती, एक मनिलाहून, एक मदुराईहून. दोघांनाही तिने लिहिलं होतं, तुमचीच माहिती आधीपासून खराब असणार. दोघांनी माफी मागून मेल संपवला होता. तिच्याशी वाद कोण घालणार?

"फोन कर," केल म्हणाला.

"आधी नीट लिहिते. काय बोलायचं ते..."

"ग्वेंडा, लिहिण्यात तू नऊ वर्षांपूर्वी काय दिवे लावलेस ते पाहिलं. फोन कर."

सुवात तेव्हा एक वाजून गेला होता. नंबर बदललेला असेल, अशी तिला आशा वाटली, आणि आपल्याला तशी आशा वाटली याची लाजही वाटली. नंबर बदललेला नव्हता. चौथ्या घंटीला कोणीतरी उचलला. मागे करवतीचा आवाज, कोणीतरी पत्र्यांची लांबी ओरडून सांगत होतं.

"मोसेसे? मी ग्वेंडा ट्रेलोर. टास्मानियाहून. पोटोरूची."

करवत चालू राहिली. मग तो म्हणाला, "बोला, मॅडम."

तिने काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं, ते सगळं विसरलं. ओळ माझी होती, चूक माझी होती, तुझं नाव मी न बघता घेतलं, तुझा मेल मी अडवला होता, तो आज वाचला, असं ती एका दमात बोलून गेली. दम संपला तेव्हा तिकडून आवाज आला, पण तिच्यासाठी नव्हता. कोणाला तरी छपराचे स्क्रू हवे होते. मोसेसेने त्याला दोन इंची कुठे ठेवलेत ते सांगितलं आणि फोनवर परत आला. मेहुण्याचं दुकान आहे, त्याने सांगितलं, जेवणाच्या वेळी गर्दी असते.

"माझा मेल आज वाचलात?"

"आज. आत्ता तासाभरापूर्वी."

"सोमवार होऊन गेला, मॅडम," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. बोट सुटून गेली, असं धक्क्यावर उशिरा आलेल्याला सांगतात तसं तो बोलला.

रुग्णालयातून काढलं का, हे तिला विचारवेना, पण त्यानेच सांगितलं. काढलं. पुढे दोन ठिकाणी अर्ज केला, दोन्हीकडच्या लोकांनी त्याचं नाव शोधलं आणि पहिलाच तिचा मेल सापडला. तिसऱ्यांदा त्याने अर्ज केला नाही. दुकान बरं आहे म्हणाला. आपण रडलो तर या माणसाला उलट आपली समजूत घालावी लागेल, एवढं कळून ग्वेंडाने स्वतःला आवरलं.

मग त्याने विचारलं, "काढणाऱ्या भागातली ओळ? चारशे बारा?"

आकडा त्याला पाठ होता. "आज सापडली," ती म्हणाली.

"आज? म्हणजे आजपर्यंत तशीच होती?"

"तशीच."

इतका वेळ शांत असलेला त्याचा आवाज पहिल्यांदा हलला. "नऊ वर्षं?" करवत बंद झाली होती की तो दुकानाबाहेर आला होता, कोण जाणे, आता त्याचा श्वासही ऐकू येत होता. "मला वाटलं, तुम्ही मेल वाचला असेल आणि गुपचूप दुरुस्त केलं असेल. माझं नाव न घेता. मी म्हटलं, चला, नोकरी गेली तर गेली, निदान ते तरी झालं. त्यावर मी समाधान मानलं होतं, मॅडम. आणि लोकांचे क्रमांक बदलतच होते?"

ग्वेंडाला हा घाव सोसवेना. तो चिडेल, फोन आपटेल, शिव्या देईल, या सगळ्याची तिने तयारी केली होती. त्याने मनाशी धरून ठेवलेली एवढीशी गोष्टही आपण आज मोडली, याची तयारी तिने केली नव्हती. "हो," ती म्हणाली. "बदलत असणार. मी दोघांना तर खोटं पाडलं."

केल खिडकीशी तिच्याकडे पाठ करून उभा होता, नदीकडे बघत, आणि ऐकत होता.

"तुमचा जुना मेल?" मोसेसेने विचारलं. "तो अजून आहे तिथे. माझ्या मुलीने मागच्या वर्षी वाचला."

"तो पुसता येत नाही. यादीवरचं काही पुसायचं नाही असा नियम आहे."

"नियम कोणाचा?"

"माझा," ग्वेंडा म्हणाली.

तिकडून एक छोटासा आवाज आला. हसला असेल किंवा नसेल. "माझा पॅच आहे ना तुमच्याकडे?" तो म्हणाला. "मग फोनवर काय बोलत बसलात? आधी तो लावा." आणि त्याने फोन ठेवला. माफ केलं म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही. तिने परत फोन करण्यात अर्थ नव्हता.

तिने पॅच लावला. पहिली ओळ आता गरजेची नव्हती, दुसरी जशीच्या तशी बसली, कारण नऊ वर्षांत त्या भागाला कोणी हातच लावला नव्हता. दुसऱ्याचा पॅच घेताना लिहिणाराचं नाव वेगळं नोंदवायचं असतं आणि घेणाराचं वेगळं. तारखाही दोन असतात. तिने दोन्ही त्याच्या मेलवरून आणि आजच्या दिवसावरून भरल्या. पहारेकरी मानेवर बसवून लांब नावं पुन्हा खायला घातली. तो गप्प राहिला. आज मात्र तिने चहा केला नाही.

मग तिने यादीवर मेल लिहिला. दोन हजार पंधराच्या आपल्या मेलला उत्तर म्हणून लिहिला, म्हणजे जो कोणी तो उघडेल त्याला खाली हाही दिसेल. चूक पहिल्या आवृत्तीपासून आहे, ओळ माझी होती, मोसेसे तुइसावाउने ती फक्त सरळ केली होती, त्याने दुरुस्ती नऊ वर्षांपूर्वी पाठवली होती, मी ती अडवली होती, आणि त्यापायी त्याची नोकरी गेली. मनिला आणि मदुराईच्या दोघांची माफी मागितली. भांडी मीच फोडली होती, असंही एक वाक्य तिने लिहिलं. मग ते लोकांना पुन्हा आवडेल असं वाटून खोडून टाकलं. केलने वाचून मान डोलावली आणि तो शेडमध्ये गेला.

पाठवून झाल्यावर तिने शेवटची एक आज्ञा दिली. ओळ चारशे बारा कोणाची. या वेळी ते जादा अक्षर लावून, रिकाम्या जागा वगळून. उत्तर आलं, मोसेसे तुइसावाउ. आता ती ओळ खरंच त्याची होती. शेजारी दोन्ही तारखा होत्या, त्याने लिहिल्याची आणि तिने घेतल्याची, आणि या दोन तारखांमधली नऊ वर्षं पुसता येतील अशी आज्ञा त्या यंत्रात नव्हती.